शुद्ध उच्चार कुणाच्या घरचा?

सन १४९०. इंग्लंडात पहिला छापखाना काढणारा विल्यम कॅक्स्टन एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक गोष्ट सांगतो. लंडनचे काही व्यापारी टेम्स नदीतून गलबताने झीलंडला निघाले होते. वारा पडला, गलबत अडलं, म्हणून ते किनाऱ्यावर उतरले. त्यातला शेफील्ड नावाचा कापडाचा व्यापारी एका घरी गेला आणि घरच्या बाईकडे त्याने काहीतरी खायला मागितलं. त्यातही अंडी असली तर बरं, म्हणाला. त्याने शब्द वापरला ‘एग्ज’. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. त्याला अंडी हवी होती आणि बाईला कळत नव्हतं. शेवटी दुसरा कुणी पुढे होऊन म्हणाला, त्यांना ‘आयरेन’ पाहिजेत. तेव्हा बाई म्हणाली, हां, आता कळलं.

(अंड्याची गोष्ट पहिल्याच परिच्छेदात आली म्हणून कुणी नाक मुरडू नये. कॅक्स्टनने ती मुगाच्या डाळीवर सांगितली असती, तर मीही आनंदाने तशीच सांगितली असती.)

दोघंही इंग्लंडातच जन्मलेले, दोघंही इंग्रजीच बोलत होते. मधलं अंतर आपल्या बेळगाव-कोल्हापूरपेक्षा फार जास्त नसेल. ‘एग’ हा शब्द उत्तरेचा, स्कँडिनेव्हियातून येऊन तिकडे वसलेल्या लोकांनी आणलेला. ‘आयरेन’ हा दक्षिणेचा, जुना, घरचा. म्हणजे बाई बोलत होती ती तिच्या आजी-पणजीची इंग्रजी, आणि बाहेरून आलेला शब्द होता तो व्यापाऱ्याच्या तोंडात. पुढे टिकला मात्र व्यापाऱ्याचा. आज साऱ्या जगात मुलं ‘ई फॉर एग’ म्हणतात, आणि त्या बाईचा शब्द जुन्या कोशात जाऊन बसलाय.

कॅक्स्टनला ही गोष्ट सांगायची गरज पडली, कारण त्याला छापायचं होतं. बोलताना माणूस समोरच्याचा चेहरा बघून शब्द बदलतो. छापणाऱ्याला एकच खिळा लावावा लागतो. कुठला लावू, असा त्याचा प्रश्न होता. तो स्वतः केंट परगण्यात वाढलेला. तिथली इंग्रजी अगदी रांगडी, असं त्याने आपल्याच बोलीबद्दल आधीच्या एका पुस्तकात लिहून ठेवलंय. छापखान्याच्या मालकालासुद्धा आपल्या गावच्या बोलीची लाज वाटत होती, हे वाचून मला का कोण जाणे, बरं वाटलं.

पुढची गंमत अशी झाली, की छापखान्याने स्पेलिंगं हळूहळू गोठवली आणि नेमके त्याच दोन-तीनशे वर्षांत लोकांच्या तोंडातले स्वर हलले. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर जागा सोडून सरकले. चॉसर कवीच्या काळी ‘नेम’ हा शब्द जवळजवळ ‘नाम’ असा म्हणत, शेवटी एक पुसटसा ‘अ’ लावून. ‘हाउस’ला ‘हूस’ म्हणत. ‘नाइट’ म्हणजे सरदार, या शब्दातला पहिला ‘क’ चक्क उच्चारत असत. तोंड बदललं, अक्षरं तशीच राहिली. आपल्या मुलांनी रडत रडत पाठ केलेली ती सगळी न उच्चारायची अक्षरं म्हणजे कधीकाळी खरोखर बोलल्या गेलेल्या आवाजांची थडगी आहेत. स्वरही सगळीकडे सारखे हलले नाहीत. स्कॉटलंडच्या बोलीत अजून ‘हूस’ ऐकू येतं. ते स्कॉटिश माणसाचं चुकतं असं इंग्लंडात कितीतरी वर्षं मानलं गेलं. वास्तविक त्याने फक्त जुनं जपलं.

चहाचंही तेच. ‘टी’ हा उच्चार आपल्याला पहिल्यापासूनचा वाटतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या उच्चभ्रू दिवाणखान्यांतसुद्धा तो ‘टे’ असा होता. अलेक्झांडर पोपने आपल्या काव्यात या शब्दाचं यमक ‘ओबे’शी जुळवलंय, त्यावरून हे पक्कं कळतं. पुढे लंडनकरांनी ‘टे’चा ‘टी’ केला, आयर्लंडच्या खेड्यांत ‘टे’ राहिला. मग काय, ‘टे’ म्हणणारा आयरिश माणूस नाटकात हसण्यावारी न्यायला मोकळा. आपला ‘चहा’ या भांडणातून सुटला, कारण तो दुसऱ्याच वाटेने आला.

इथवर निदान कुणी कुणाला ‘अशुद्ध’ म्हणत पुस्तक काढत नव्हतं. ती पाळी अठराव्या शतकात आली, आणि आणली कुणी? थॉमस शेरिडन नावाच्या नटाने, जो मूळचा आयरिश. १७६१ साली तो एडिंबरोला गेला आणि तिथल्या प्रतिष्ठित स्कॉटिश मंडळींना शुद्ध इंग्रजी कसं बोलावं यावर त्याने व्याख्यानं दिली. आयर्लंडचा माणूस स्कॉटलंडच्या माणसांना इंग्लंडसारखं बोलायला शिकवतोय! लोक पैसे मोजून आले. वकील आले, सरदार आले. त्याच वर्षी एडिंबरोत स्कॉटलंडमध्ये इंग्रजी वाचन-भाषणाचा प्रसार करायला एक मंडळही निघालं. कारण उघड होतं. १७०७ मध्ये स्कॉटलंडची स्वतंत्र पार्लमेंट संपली होती, आता बढती, खटले, कंत्राटं सगळं लंडनला. लंडनला जायचं तर लंडनसारखं बोलायला हवं. सत्ता जिकडे हलते तिकडे जीभ वळते, त्यात त्या बिचाऱ्यांना तरी काय दोष द्यायचा.

शेरिडनने १७८० मध्ये उच्चार दाखवणारा कोश काढला. त्याच्यामागून १७९१ मध्ये जॉन वॉकरने काढला, तो शंभर वर्षं घराघरांत राहिला. वॉकरच्या कोशाच्या मुखपृष्ठावरच लिहिलंय, की स्कॉटलंड, आयर्लंड आणि लंडनच्या रहिवाशांनी आपापले दोष टाळण्यासाठी पाळायचे नियम आत दिलेत. लंडनचे रहिवासीसुद्धा! मग शुद्ध बोलणारा उरला कोण? वॉकरच्या मते दरबारातली, वरच्या वर्गातली मोजकी माणसं. बाकी सगळा देश दुरुस्तीला काढलेला. लंडनच्या सामान्य लोकांचे जे दोष त्याने मोजले, त्यात एक आहे ‘व्ह’ आणि ‘व’ यांची अदलाबदल. ‘व्हेरी’ला ‘वेरी’ म्हणणं. हे वाचताना मी चश्मा पुसून पुन्हा वाचलं. कॉलेजात आमच्या इंग्रजीच्या सरांनी आख्खं वर्ष आम्हा मुलींना ‘व्हेरी’ म्हणताना खालचा ओठ दाताखाली धरायला लावला होता, भारतीय जिभेचा हा जन्मजात दोष आहे म्हणून. हा दोष लंडनच्या गल्लीबोळांतही होता. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला सॅम वेलर आपलं आडनावच ‘व्हेलर’ सांगतो, १८३६-३७ मध्ये.

शेरिडनची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याचा मुलगा रिचर्ड हा मोठा नाटककार झाला. त्याच्या १७७५ मधल्या ‘द रायव्हल्स’ नाटकात मिसेस मॅलाप्रॉप नावाची एक बाई आहे. ती भारदस्त शब्द वापरायला जाते आणि दरवेळी त्याच्या शेजारचा भलताच शब्द तिच्या तोंडून निघतो. अडीचशे वर्षं लोक तिला हसतायत. तिच्या नावावरून अशा चुकीला इंग्रजीत शब्दच पडला. बाप शुद्ध उच्चार विकत होता आणि मुलाने अशुद्ध बोलणारी बाई रंगभूमीवर उभी केली. तिला शाळेत कुणी किती दिवस पाठवलं होतं, हा प्रश्न नाटकात येत नाही.

शुद्ध म्हणजे कुणासारखं, याचं सर्वांत सरळ उत्तर डॅनियल जोन्स या लंडनच्या ध्वनिशास्त्रज्ञाने दिलं. १९१७ च्या त्याच्या उच्चारकोशात त्याने आपण कुणाचे उच्चार नोंदवतोय ते प्रामाणिकपणे सांगितलंय. दक्षिण इंग्लंडातली अशी कुटुंबं, ज्यांतले पुरुष मोठ्या निवासी शाळांत शिकलेत, त्यांच्या घरातलं रोजचं बोलणं. पुन्हा वाचा. घरातलं बोलणं, पण घरातले पुरुष कुठल्या शाळेत गेले त्यावरून ठरलेलं. बाई घरात दिवसभर बोलणार, मुलांना पहिला शब्द ती शिकवणार, आणि तिच्या बोलण्याचं मोजमाप नवऱ्याच्या नि भावाच्या शाळेच्या फीवर. जोन्सला दोष नाही देत मी. त्याने निदान पत्ता लिहिला. बाकीचे नुसतं ‘शुद्ध’ म्हणून मोकळे होतात.

त्याच सुमाराला बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ आलं. फुलं विकणारी पोर, तिला सहा महिन्यांत सरदारीण करून दाखवतो म्हणणारा प्रोफेसर. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांनी १९७५ मध्ये त्याची ‘ती फुलराणी’ केली आणि भक्ती बर्वेंनी ती घराघरांत पोचवली, त्यामुळे ती कथा सांगत बसत नाही. शॉ हाही आयरिशच. पुढे १९३० मध्ये बीबीसीने निवेदकांच्या उच्चारांसाठी नेमलेल्या सल्लागार समितीचा तो अध्यक्ष झाला. ही समिती १९२६ पासून एकेका शब्दावर खल करायची. रेडिओवरची बातमी म्हणजे एकाच सुरातली, त्याच निवासी शाळांतली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, विल्फ्रेड पिकल्स हा यॉर्कशायरचा माणूस राष्ट्रीय बातम्या वाचायला आला. जर्मनांना नक्कल करता येऊ नये हाही त्यामागे एक हेतू सांगतात. त्याच्या बोलण्यातला उत्तरेचा हेल ऐकून तक्रारींची पत्रं आली. बॉम्ब पडत होते, आणि लोक पत्रं लिहीत होते ती बातमी वाचणाऱ्याच्या ‘अ’ विषयी!

आता एक साधा ‘र’ घ्या. ‘कार’, ‘डॉक्टर’, ‘फोर्थ’ यांतला ‘र’ लंडनने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून गिळायला सुरुवात केली. आधी ती गावठी सवय समजली जायची, मग तीच खानदानी झाली. स्कॉटलंड, आयर्लंडने ‘र’ ठेवला, अमेरिकेच्या बहुतेक भागानेही ठेवला. न्यूयॉर्क मात्र लंडनच्या वळणावर गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं आणि तिथे ‘र’ म्हणणं मोठेपणाचं झालं. विल्यम लबॉव्ह या तरुण अभ्यासकाने १९६२ मध्ये हे कसं पकडलं ते आपल्याला, म्हणजे दुकानं पालथी घालणाऱ्या बायकांना, चटकन कळेल. तो न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत गेला. एक श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गीयांचं, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी पाहून ठेवलं आणि विक्रेत्यांना विचारत सुटला, अमुक वस्तू कुठे आहे हो? उत्तर येणार ‘फोर्थ फ्लोर’. ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा विचारायचं, म्हणजे दुसऱ्यांदा जपून उच्चारलेलं मिळतं. मग आडोशाला जाऊन टिपून ठेवायचं. महागड्या दुकानात शंभरातल्या ६२ जणांनी थोडाफार तरी ‘र’ उच्चारला, मधल्या दुकानात ५१ जणांनी, स्वस्तातल्या दुकानात जेमतेम २० जणांनी. विक्रेत्यांचे पगार काही गिऱ्हाइकांइतके नव्हते. गिऱ्हाईक जसं, तसा ‘र’.

म्हणजे बघा, त्याच काळात लंडनमध्ये ‘र’ गिळला तर मोठ्या घरचा आणि न्यूयॉर्कमध्ये ‘र’ उच्चारला तर मोठ्या घरचा. तोच शब्द, तेच स्पेलिंग. ‘र’मध्ये स्वतःचं असं काही शुद्ध किंवा अशुद्ध असतं, तर हे झालं नसतं.

उच्चारावरून माणसाचं गाव ओळखता येतं, हे मात्र खरं. फार बारीक ओळखता येतं. लीड्स विद्यापीठाच्या हॅरॉल्ड ऑर्टनने १९५० ते १९६१ या काळात इंग्लंडातल्या ३१३ ठिकाणच्या बोलींची पाहणी करवली. तेराशेच्या वर प्रश्न, बहुतेक माणसं वयस्कर, खेड्यातली आणि पुरुष. पुरुष जास्त घेतले, कारण जुनी बोली पुरुष जास्त राखतात अशी त्यांची समजूत. (त्या घरांतल्या म्हाताऱ्या चुलीशी काय बोलत होत्या ते त्यामुळे फारसं नोंदलंच गेलं नाही.) स्टॅन्ली एलिस हा त्यातला मुख्य पाहणीदार, वर्षानुवर्षं खेडोपाडी फिरून कान तयार झालेला. या कानाची परीक्षा पुढे एका भयंकर प्रसंगात झाली.

१९७५ पासून उत्तर इंग्लंडात, मुख्यतः यॉर्कशायरमध्ये, एकापाठोपाठ एक बायकांचे खून होत होते. संध्याकाळनंतर बायका घराबाहेर पडायला भीत होत्या. जून १९७९ मध्ये तपासाच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे एक कॅसेट आली. मीच तो खुनी, तुम्हाला मी सापडत नाही, असं त्यात एक माणूस संथपणे सांगत होता. बोलणं ईशान्येकडचं, यॉर्कशायरचं नव्हे. पोलिसांनी एलिसला बोलावलं. त्याने कॅसेट ऐकली, त्या भागात जाऊन लोकांचं बोलणं ऐकलं आणि सांगितलं, हा माणूस संडरलँड शहराच्या कॅसलटाउन भागातला आहे. एवढं नेमकं! मग ती कॅसेट रेडिओवर वाजली, टीव्हीवर वाजली, फोन फिरवून ऐकण्याची सोय झाली. सगळा तपास त्या आवाजामागे धावला. एलिस आणि त्याचा सहकारी यांनी हा माणूस खुनी नसेलही, कुणी तोतया असेल, अशी शंका बोलून दाखवली होती. ती मागे पडली. ज्याचं बोलणं त्या वळणाचं नाही तो आपला माणूस नव्हे, असं ठरून गेलं.

खरा खुनी पीटर सटक्लिफ ब्रॅडफर्डकडचा, यॉर्कशायरच्या हेलात बोलणारा. त्या सगळ्या वर्षांत पोलिसांनी त्याला नऊ वेळा विचारपूस करून सोडून दिलं. कॅसेट आल्यानंतर त्याने आणखी तीन बायकांचा जीव घेतला. जानेवारी १९८१ मध्ये तो सापडला तोही दुसऱ्याच कारणाने. एकूण तेरा बायका गेल्या. कॅसेटवाला तोतया २००५ मध्ये पाकिटावरच्या लाळेवरून पकडला गेला, तेव्हा तो संडरलँडचाच निघाला. एलिसच्या कानाचं काही चुकलं नव्हतं. गाव बरोबर ओळखलं होतं. माणसाचं गाव कळलं म्हणजे माणूस कळला, असं धरून चालणाऱ्यांमुळे घात झाला.

आपल्याकडे इतकं टोकाचं काही होत नाही, देवाची कृपा. पण बाई गप्प बसते. माझी धाकटी जाऊ धारवाडकडची. माहेरी कन्नड, लग्नानंतर मराठी शिकली, बी.कॉम. आहे, आमच्या दुकानाच्या जीएसटीचे कागद तीच भरते. मुलाच्या शाळेच्या पालकसभेत ती उभी राहिली आणि इंग्रजीत बोलली. त्यात ‘जीरो’ आलं आणि ‘आफीसु’ आलं. मागच्या बाकावरच्या दोघीतिघींनी एकमेकींकडे बघून हसू दाबलं. शिक्षिकेच्याही तोंडावर ते आलंच. त्या दिवसापासून सभेला दीर जातो. “मला नको ग अक्का, तेच जाऊ देत,” म्हणते. मुलाच्या गणिताबद्दल तिला जे विचारायचं होतं ते राहिलं, आणि दिराला ते सुचणारही नाही.

तिच्या ‘आफीसु’मधला तो शेवटचा ‘उ’ कुठून आला हे मी तिला सांगितलं. आजच्या कन्नडला शब्द स्वरावर संपलेला लागतो. जुन्या कन्नडात दगडाला ‘कल्’ म्हणत, आता ‘कल्लु’. डोळा ‘कण्’ होता, तो ‘कण्णु’ झाला. दूध ‘पाल्’ होतं, त्याचं ‘हालु’ झालं. आदिकवी पंपाची कन्नड दहाव्या शतकातली, तिच्यापासून आजच्या बोलीपर्यंत हे सगळं घडत आलं. ‘बस’चं ‘बस्सु’ आणि ‘ऑफिस’चं ‘आफीसु’ करणारी जीभ तीच, तिला पाहुणा शब्दसुद्धा घरच्या शब्दांसारखाच पाटावर बसवायची सवय. तेलुगूचंही असंच, म्हणून हैदराबादेत ‘ब्यांकु’ ऐकू येतं.

इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या मैत्रिणी ‘इस्कूल’वर हसतात. त्यांच्या शेजारपाजारची हिंदी बोलणारी मंडळी ‘स्कूल’च्या आधी ‘इ’ लावतात ना! तो ‘इ’ तर दोन हजार वर्षांहून जुना आहे. संस्कृत ‘स्त्री’, प्राकृतात ‘इत्थी’. आपल्या आगमांत हा शब्द जागोजागी आहे, स्वाध्यायाला बसणाऱ्या कुणालाही विचारा. आरंभीचं जोडाक्षर जिभेला जड गेलं की आधी एक ‘इ’ टेकू म्हणून येतो. पोर्तुगीजांच्या पूर्वजांनीही लॅटिन ‘स्कोला’चं ‘इश्कोला’ केलं, तेच गोव्यात ‘इस्कोल’ होऊन राहिलं. गोव्यातल्या शाळेत जाणाऱ्या पोराचा ‘इ’ युरोपातून आलेला, म्हणून त्याला कुणी हसत नाही. ग्वाल्हेरच्या दूधवाल्याचा ‘इ’ प्राकृतातून आलेला, म्हणून तो अडाणी. संस्कृत नाटकांतही राजा संस्कृत बोलायचा आणि राणी प्राकृत, हे कॉलेजात शिकताना आम्हा मुलींना कुणी वेगळं समजावून सांगितलं नव्हतं.

एकाच शब्दाच्या पाट्या पाहायच्या असतील तर आपल्या नात्यागोत्यातून एक चक्कर मारा. मराठीने इंग्रजी स्वरांसाठी ‘ॲ’ आणि ‘ऑ’ अशा खास चंद्रांच्या खुणा केल्या, म्हणून आपली ‘बँक’. इंदुरात हिंदी पाटीवर ‘बैंक’. बडोद्याला गुजरातीत ‘बेंक’. आमच्या बेळगावात कन्नड पाटीवर ‘ब्यांक’. माझ्या चार बहिणी चार ठिकाणी पडल्यात आणि लग्नाकार्याला जमल्या की चारही उच्चार एका पंगतीत असतात. पैसे सगळीकडचे सारखेच निघतात.

जे शब्द वाचून न येता नुसते कानावरून आले, त्यांची तर तऱ्हाच निराळी. ‘प्लॅटफॉर्म’चा फलाट, ‘टम्ब्लर’चं टमरेल, ‘लॉर्ड’चा लाटसाहेब. हमालांनी, शिपायांनी, घरकामाच्या बायकांनी हे शब्द साहेबाच्या तोंडून ऐकले आणि आपल्या तोंडाला बसतील असे करून घेतले. स्पेलिंग त्यांनी पाहिलंच नव्हतं. ‘लाट’मध्ये ‘र’ नाही, बघा. साहेब जसा बोलला तसा उचलला असणार. पुस्तकातून शिकलेले आपण ‘लॉर्ड’मधला ‘र’ खणखणीत म्हणतो, कारण आपण डोळ्यांनी शिकलो. या दोघांत लंडनच्या जवळ हमालच. ‘झंपर’ हाही तसाच शब्द. ‘जंपर’ म्हणजे तिकडे वरून घालायचा अंगरखा किंवा लोकरीचा स्वेटर, आपल्याकडे लुगड्यावरची चोळी झाली, आणि कन्नड घरांत ‘जंपरु’. माझी सासू शेवटपर्यंत ‘ब्लाउज’ म्हणाली नाही.

आता साहेबाच्या जिभेचं काय झालं ते पाहू. १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने आमचा किल्ला घेतला आणि मग कॅम्प वसला. ‘बेळगाव’ मधला ‘ळ’ साहेबाला म्हणता येत नव्हता, तो त्याने ‘ल’ केला. ‘गाव’ मधला अनुनासिक त्याला लिहिता येईना, म्हणून त्याने शेवटी ‘एम’ लावला. आता तो ‘एम’ वाचून परप्रांतातली माणसं ‘बेलगाम’ म्हणतात, म्हणजे ज्याला लगाम नाही ते! आम्ही मुकाट ऐकून घेतो. पुण्याचं ‘पूना’ केलं, बडोद्याचं ‘बरोडा’, इंदूरचं ‘इंदोर’. नावं आपणही आपल्या जिभेप्रमाणे वळवतोच. गुजराती शेजारी ‘वडोदरा’ म्हणतात नि मराठी माणूस ‘बडोदे’ म्हणतो, त्यावरून कुणी कुणाचं डोकं फोडत नाही. पण साहेबाला ‘ळ’ येत नाही म्हणून त्याला पालकसभेत कुणी हसलं नाही. त्याचा उच्चार सरकारी कागदावर चढला, नकाशावर छापला गेला, स्टेशनच्या पाटीवर रंगवला गेला, आणि मग आमचीच मुलं इंग्रजीत गावाचं नाव तसं लिहायला शिकली.

१ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री आमचं गाव बेळगावी झालं. त्यावरच्या वादात मी शिरत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मागच्या महिन्यात धाकट्या जावेचं आणि माझं बडोद्याला जायचं ठरलं, नणंदेच्या मुलीचा साखरपुडा. तिकिटं तिनेच मोबाइलवर काढली. निघण्याचं स्टेशन बेळगावी, संकेताक्षरं अजून बीजीएम. उतरण्याचं वडोदरा, संकेताक्षरं अजून बीआरसी.